नानावटी खटल्याचा बचाव : अपघात की प्रक्षोभ?

नौदलातले कमांडर कावस नानावटी यांच्यावर पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्या खुनाचा खटला चालला. त्यात बचाव पक्षाने 'गोळ्या झटापटीत चुकून सुटल्या' हा पवित्रा घेतला. तो घ्यायला नको होता, असे माझे स्पष्ट मत आहे. गेल्या आठवड्यात सिंधुदुर्गातल्या ओरोस न्यायालयाच्या बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, यावरून आमची बरीच वादावादी झाली. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ वकील, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते माझ्या मताच्या पूर्ण विरोधात होते. तिथे पुढची केस पुकारली गेल्यामुळे जे अर्धवट राहिले, ते इथे सविस्तर लिहीत आहे. फौजदारी काम करणाऱ्या तरुण मंडळींनी वाचावे आणि पटले नाही तर जरूर लिहावे.

प्रसंग बहुतेकांना माहीत आहे, तरी कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा तेवढा क्रम सांगतो. २७ एप्रिल १९५९ रोजी दुपारच्या जेवणानंतर पत्नी सिल्व्हिया हिने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटी यांनी पत्नीला आणि मुलांना मोटारीने मेट्रो सिनेमापाशी सोडले. मग ते आपल्या युद्धनौकेवर गेले, रात्री एकट्याने अहमदनगरला मोटार चालवत जायचे आहे असे खोटे कारण सांगून भांडारातून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली, ती तपकिरी पाकिटात ठेवली, आहुजाच्या कार्यालयात जाऊन आले आणि तिथे तो नाही म्हटल्यावर त्याच्या फ्लॅटवर पोहोचले. शयनगृहाचे दार बंद झाले, गोळ्या सुटल्या आणि आहुजा मरण पावला. तेव्हा दुपारचे सुमारे चार वाजून वीस मिनिटे झाली होती. घरून निघाल्याची वेळ न्यायालयाने दीड वाजताची धरली. या पावणेतीन-तीन तासांवरच सगळा खटला उभा आहे.

बचावापुढे प्रामुख्याने दोन वाटा होत्या. पहिली, अपघाताची. आरोपीच्या म्हणण्यानुसार त्याने आहुजाला, सिल्व्हियाशी लग्न करून मुलांना सांभाळशील का, असे विचारले. जिच्या जिच्याबरोबर झोपलो त्या प्रत्येकीशी लग्न करू काय, अशा अर्थाचे उत्तर आले. आरोपीने पाकीट बाजूला ठेवून त्याला चोपण्याची धमकी दिली, आहुजाने पाकिटावर झडप घातली, झटापट झाली आणि त्यात गोळ्या सुटल्या. हे मान्य झाले तर गुन्हाच उरत नाही, माणूस सरळ सुटतो. दुसरी वाट प्रक्षोभाची. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० च्या पहिल्या अपवादानुसार, गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभामुळे मनावरचा ताबा सुटला असताना कोणाचा जीव घेतला, तर तो खून न राहता सदोष मनुष्यवध ठरतो. त्यात आरोपी सुटत नाही, पण जन्मठेपेऐवजी काही वर्षांची शिक्षा होऊ शकते. भारतीय न्याय संहितेत हाच अपवाद आता कलम १०१ मध्ये आहे.

कायद्याच्या पुस्तकात या दोन्ही वाटा शेजारी शेजारी मांडता येतात. सिद्ध करण्याची मुख्य जबाबदारी सरकार पक्षाची असल्यामुळे, 'हे नसेल तर ते' असे म्हणायला आरोपीला मनाई नाही. पण एका तोंडाने दोन हकिकती सांगितल्या की ऐकणाऱ्याच्या मनातून दोन्ही उतरतात. प्रक्षोभाचा बचाव म्हणतो की संतापाच्या भरात मीच गोळी झाडली, आणि अपघाताचा बचाव म्हणतो की मी गोळी झाडलीच नाही. संतापाचा सर्वांत भक्कम पुरावा, म्हणजे शयनगृहातले ते उर्मट उत्तर, अपघाताच्या गोष्टीत खर्ची पडले, कारण त्या गोष्टीत संतापामुळे काहीच घडत नाही. जे घडते ते झटापटीमुळे.

त्यात अपघाताची हकिकत वस्तुस्थितीपुढे टिकणारी नव्हती. आहुजा नुकताच आंघोळ करून बाहेर आला होता आणि त्याच्या कमरेला फक्त टॉवेल होता. शरीरावर तीन जखमा, छातीवर, हातावर आणि डोक्यावर; आणि टॉवेल जसाच्या तसा गुंडाळलेला. दोन धडधाकट पुरुषांची रिव्हॉल्व्हरसाठी झोंबाझोंबी झाली आणि टॉवेल सैलसुद्धा झाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला पटले नाही, आणि मलाही पटत नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी की घटनेनंतर आरोपी ज्यांना ज्यांना भेटला, ज्यांच्यापुढे स्वतःहून हजर झाला, त्यांपैकी कोणालाही त्याने 'चुकून झाले' असे सांगितले नव्हते. पहिल्या तासाभरात जे बोलले गेले नाही ते नंतर खटल्यात आले, की न्यायाधीशाच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो, हे आतापर्यंत कुठे होते? माझ्या मते टॉवेलपेक्षाही या मौनाने बचावाचे जास्त नुकसान केले.

अण्णांचा मुद्दा ज्यूरीचा, म्हणजे तेव्हा आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचा : "अरे, ज्यूरीतल्या नवांपैकी आठ जणांनी निर्दोष म्हटलं. वकिलानं याहून आणखी काय मिळवायचं असतं?" या युक्तिवादाला वजन आहे, ते नाकारत नाही. बचाव चालवणारे कार्ल खंडालावाला हे कसलेले वकील होते (भारतीय कलेचे जाणकार म्हणूनही त्यांचे नाव मोठे आहे) आणि आपण कोणापुढे उभे आहोत हे त्यांना पुरते ठाऊक होते. ज्यूरीला निकालाची कारणे लिहावी लागत नसत. नौदलाच्या पांढऱ्या गणवेशातला अधिकारी, विश्वासघात झालेला नवरा, बाहेर 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने त्यांच्या बाजूने उघडलेली मोहीम. ज्यूरीला माणूस सोडायचा होता आणि त्यासाठी हाताशी एक कारण हवे होते. प्रक्षोभाचे कारण दिले असते तर ज्यूरीला निदान सदोष मनुष्यवधाचा दोषी म्हणावे लागले असते. अपघाताने पूर्ण सुटकेचे दार उघडून दिले. ज्यूरीपुरता विचार केला तर डाव बरोबर होता.

पण डाव ज्यूरीपाशी संपणार नव्हता. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली, ज्यूरीचा निकाल कोणत्याही समंजस माणसाला पटण्यासारखा नाही असे सत्र न्यायाधीशाला वाटले, तर तो प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवू शकत असे. न्यायाधीश रतिलाल मेहता यांनी नेमके तेच केले. तिथे ज्यूरी नव्हती, गणवेशाचा प्रभाव नव्हता, पुरावा ओळीने तपासणारे दोन न्यायमूर्ती होते. मार्च १९६० मध्ये जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली, पण माफी हे वकिलाचे यश म्हणता येत नाही. जिथे निकाल शेवटी कारणांसह लिहिला जाणार आहे, तिथे कारणांपुढे टिकणारी हकिकतच सांगावी लागते, आणि वरच्या पायरीवरची ही तपासणी होऊ शकते हे कायद्यातच लिहिलेले असताना ती गृहीत धरायला हवी होती.

हा विषय मला इतका जिव्हाळ्याचा वाटण्याचे कारण आमच्याकडच्या खटल्यांत आहे. कोकणात खुनाची प्रकरणे बहुतेक वेळा भाऊबंदकीतून येतात : सामाईक जमीन, गडग्याचे (दगडी कुंपणाचे) दोन चिरे इकडे की तिकडे, पायवाट अडवली, आंब्याची फांदी तोडली. आरोपी पहिल्याच भेटीत प्रांजळपणे सांगून टाकतो, "मी घराक गेलंय आणि कोयतो घेवन इलंय." या एका वाक्यात प्रक्षोभाचा बचाव जवळजवळ संपलेला असतो. वादाच्या जागेपासून घरापर्यंत चालत जायचे, पडवीतला कोयता उचलायचा आणि परत यायचे, एवढा वेळ राग थंड व्हायला पुरेसा होता, असे सरकारी वकील म्हणणारच. उलट तोच माणूस बागेत बेणणी (गवत कापणी) करत असेल आणि कोयता आधीपासूनच कमरेच्या आकडीला, म्हणजे तो अडकवायच्या आकड्याला, असेल, तर हत्यार आणायला गेला हा मुद्दाच उरत नाही. म्हणून अशा प्रकरणात मी अटकेच्या पंचनाम्यात सर्वांत आधी आकडीचा उल्लेख शोधतो. पुष्कळदा तो नसतो. आमच्याकडे काम करणाऱ्या माणसाच्या कमरेला आकडी असणे इतके नेहमीचे आहे की पंचांना ती सांगण्यासारखी वाटत नाही आणि लिहिणाऱ्या हवालदाराला लिहिण्यासारखी वाटत नाही. मग ती उलटतपासणीत काढावी लागते : आरोपीच्या अंगावर त्या वेळी काय काय होते, बेणलेले गवत कुठे पडले होते, ते ताजे होते काय, हे पंचाला शांतपणे विचारत जावे लागते.

नानावटी यांची युद्धनौकेवरची फेरी म्हणजे, माझ्या दृष्टीने, हेच घरी जाऊन कोयता आणणे होय. सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षोभाची जी कसोटी घालून दिली, ती आजही सत्र न्यायालयांत रोज वापरली जाते : आरोपी ज्या समाजात वावरतो त्यातला सर्वसाधारण समंजस माणूस त्या परिस्थितीत ताबा गमावून बसला असता काय, काही प्रसंगी नुसते शब्द आणि हावभावसुद्धा प्रक्षोभ ठरू शकतात, आधीच्या घटनांनी तयार झालेली मनःस्थिती विचारात घेता येते, मात्र घाव त्या रागातूनच पडलेला असला पाहिजे, राग निवल्यावर किंवा तयारीला सवड मिळाल्यावर नव्हे. मुलांना सिनेमाला पोहोचवणारा, खोटे कारण सांगून शस्त्र मिळवणारा माणूस भानावर आलेला होता, असे न्यायालयाने म्हटले. शयनगृहातल्या उत्तराबद्दलही न्यायालयाने साफ सांगितले की आरोपीनेच आधी शिव्या घातल्या, त्याला तसेच उत्तर मिळाले, म्हणून तो खुनाला प्रक्षोभ होऊ शकत नाही.

हे वाचून कोणी म्हणेल की मग प्रक्षोभाचा बचावही पडलाच असता. कदाचित पडला असता. तरीही मी तोच घेतला असता, आणि एकटाच घेतला असता. न्यायालयाने तो नाकारला तेव्हा त्याच्या शेजारी एक अविश्वसनीय ठरलेली गोष्ट उभी होती. ज्याची झटापट खोटी ठरली त्याच्या मनःस्थितीच्या वर्णनावर कोण विश्वास ठेवणार? सुरुवातीपासून 'होय, मीच गोळ्या झाडल्या' असे म्हणणाऱ्या आणि स्वतःहून हजर झालेल्या अधिकाऱ्याच्या तोंडून तीच मनःस्थिती वेगळ्या वजनाने ऐकली गेली असती.

बाकीच्या वाटा थोडक्यात. खासगी संरक्षणाचा हक्क चालला नसता, कारण भरलेले रिव्हॉल्व्हर घेऊन दुसऱ्याच्या शयनगृहात शिरणारा माणूस आक्रमक ठरतो. वेडेपणाचा बचाव तर भांडारातल्या त्या व्यवस्थित नोंदीपुढेच कोसळला असता.

आज ज्यूरी नाही, तरी गाजलेल्या प्रकरणात घरच्यांची पहिली धाव वृत्तवाहिनीकडे आणि व्हॉट्सॲप ग्रुपकडे असते. आरोपीचा भाऊ कॅमेऱ्यापुढे सांगतो की तो त्या दिवशी गावातच नव्हता. दोन दिवसांनी काका सांगतो की समोरच्यानेच आधी हात उचलला. गावात नव्हता ही एक हकिकत आणि समोरच्याने आधी मारले ही दुसरी. न्यायालयात त्या मुलाखतींना पुरावा म्हणून किंमत असो वा नसो, तपास अधिकारी त्या बघतो, आणि भावाला बचावाचा साक्षीदार म्हणून उभे केले तर सरकारी वकील त्याच वाक्यांवर त्याला घेरतो. माझ्याकडे वकीलपत्र घेऊन येणाऱ्या कुटुंबाला मी हात जोडून पहिली विनंती करतो ती हीच, की कोणाशीही, पाहुण्यांशीसुद्धा, घटनेबद्दल बोलू नका. ऑगस्ट २०२५ पासून आमची अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे जातात. तिथे गावातली सहानुभूती पोहोचत नाही, खालच्या न्यायालयात जे कागदावर आले तेवढेच पोहोचते.

आता अण्णांचा शेवटचा प्रश्न, जो त्या दिवशी अनुत्तरित राहिला. ते म्हणाले, "बरं, तुझा प्रक्षोभ धरू. त्या तीन तासांचं काय करशील?" माझे उत्तर असे. मी सगळा भर सिल्व्हियाच्या साक्षीवर दिला असता. ती बचावाची साक्षीदार होतीच. घरातून निघण्यापूर्वी नानावटी स्वतःला गोळी घालून घेण्याची भाषा बोलले, हे बचावाच्या हकिकतीत आहे. रिव्हॉल्व्हर कशासाठी घेतले याचे तेवढे एकच स्पष्टीकरण उपलब्ध होते, आणि अपघाताच्या गोंधळात ते मागे पडले. ताबा सुटलेला माणूस आरडाओरडाच करतो असे नाही, काही जण यंत्रासारखे ठरलेली कामे उरकत जातात. नौदलाच्या शिस्तीत वाढलेला माणूस तसा वागणे सहज शक्य आहे. मेट्रोपर्यंतच्या मोटारीतल्या प्रवासात तो काय बोलला, मुलांकडे पाहिले का, उतरताना काय म्हणाला, हे मी तिला एकेक करून विचारले असते. सरकार पक्षाने मेट्रोचीच गोष्ट उलटवून विचारली असती, की ज्याचा स्वतःवर ताबा नव्हता त्याच्या मोटारीत तुम्ही मुलांना कसे बसवले. अण्णा म्हणतील की या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसते. माझे म्हणणे असे की तिच्याकडे खरे उत्तर होते, कबुलीनंतर त्या घरात काय करावे हे कोणालाच सुचत नव्हते, आणि ते तिने तसेच दिले असते तर न्यायमूर्तींना ते टॉवेलच्या गोष्टीपेक्षा खचितच अधिक पटले असते.