हे रांगण्यात धरत नी

परवाच्या रविवारी यावल तालुक्यातल्या एका शेतात माझ्या साडेनऊ महिन्यांच्या मुलाला नापास करण्यात आलं. परीक्षक होत्या एक अक्का. नवऱ्याच्या मित्राच्या त्या आत्या की मावशी, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनीही माझं नाव विचारलं नाही. त्यांच्या लेखी मी ‘पोराची माय’, विषय संपला.

निमित्त भरीत पार्टीचं. थंडी पडली की आमच्या जळगावकडे माणसं निव्वळ वांग्यासाठी शेतात जमतात. बामणोदकडची ती मोठाली हिरवट-पांढरी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, सोलून ठेचायची, मग मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि तेलाला हात आखडायचा नाही. सोबत कळण्याची पुरी. या दिवशी वांगी पुरुष भाजतात आणि तेवढ्या भांडवलावर पुढच्या हिवाळ्यापर्यंत ‘स्वयंपाक मीही करतो’ म्हणतात. असो, तो वेगळा लेख होईल.

मी सतरंजीवर पोराला घेऊन बसले होते. अक्का आल्या, टेकल्या आणि त्याची हनुवटी धरली.

“कितवा लागला व?”

“साडेनऊ महिने झाले.”

“मंग रांगत असंल.”

“अजून नाही.”

अक्कांनी हनुवटी सोडली. “माय व माय! काबरं रांगत नी?”

आता याला उत्तर काय द्यायचं? त्याच्याशी या विषयावर अजून सविस्तर बोलणं झालेलं नाही. मी नुसती हसले. ते हसणं अक्कांनी कबुलीजबाबात धरलं आणि उलटतपासणी सुरू केली. दूध पुरतं का तुह्यं त्याले? मालिश कोन करतं? तेल कोनतं? घुटी देते का? पोटात होता तेव्हा तू काय खात होती? पोराचा बाप चार हातांवर वांगी उलटीपालटी करत होता. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, तू काय खात होतास.

“आमचा गोलू आठव्या महिन्यात चालला,” अक्का म्हणाल्या. गोलू तिथेच होता. वय वर्षं चार. ढेकळं टोचतात म्हणून आईच्या कडेवरून खाली उतरायला तयार नव्हता.

मग अक्का म्हणाल्या, “थांब, पाहूच आपुन.” ढिगातलं एक दांडगं वांगं त्यांनी निवडलं, पदराने पुसलं आणि सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. “ये रे माह्या राजा, ये. वांगं घे.” तोवर बघे जमले. कॉलेजातल्या दोघांनी मोबाइल काढले. चिमटा हातात घेऊन एक काकाही आले, ज्यांचं खरं म्हणजे जाळाकडे लक्ष हवं होतं.

पोराने वांगं पाहिलं. मग अक्कांना पाहिलं. मग, घरी करतो तेच केलं. एक पाय मुडपला, दुसऱ्या पायाची टाच रोवली, तळहात बाजूला टेकवला आणि बूड पुढे ओढलं. पुन्हा टाच, पुन्हा बूड. अशा पद्धतीने तो अख्खी सतरंजी पार करून गेला आणि दोन्ही हातांनी त्याने वांग्याला मिठी मारली. देठाला काटे असतात म्हणून मी धावले. नाहीतर ते त्याने तोंडात घातलंच होतं.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. अक्का हलल्या नाहीत.

“हे रांगण्यात धरत नी.”

“अहो, पण पोचला ना?”

“पोचला. पन ढुंगनानं पोचला.”

“अक्का, पोचनं महत्त्वाचं,” चिमटेवाले काका म्हणाले.

“तू वांगं पाहाय. जळून राह्यलं तुह्यं.”

काका गेले. अक्कांनी फेरपरीक्षा जाहीर केली. “पालथा घाल त्याले.” मी घातलं नाही, म्हणून त्यांनीच घातलं. पोरगं क्षणभर सतरंजीचा वास घेत पडलं, मग कुशीवर वळलं, उठून बसलं आणि वांग्याकडे पाठ फिरवून गोलूच्या आईच्या चपलेच्या दिशेने निघालं. अर्थात बुडावरच. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी लग्नानंतर पहिल्यांदा पोळ्या केल्या तेव्हा पाहिली होती.

आता जे मला तिथे कुणी बोलू दिलं नाही ते इथे बोलते. बुडावर सरकणारी मुलं असतात. बऱ्याचदा घराण्यात आधीही कुणीतरी असंच सरकलेलं असतं, आणि ही मुलं चालायलाही जराशी निवांत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या मुलांचे आकडे प्रसिद्ध केले. त्यात हातागुडघ्यांवर रांगण्याचा काळ ५.२ ते १३.५ महिने दिला आहे, आणि ४.३ टक्के मुलं तशी रांगलीच नाहीत. आधाराशिवाय चालणं ८.२ ते १७.६ महिने. मधे नऊ महिन्यांचं अंतर आहे, बाई! अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने तर २०२२ मध्ये बाळांच्या वाढीच्या टप्प्यांच्या आपल्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. ही काही भुसावळ जंक्शनची पाटी नव्हे, की ठरल्या मिनिटाला आली नाही तर गाडी लेट.

गोवराच्या लशीला गेलो होतो तेव्हा आमच्या डॉक्टरांनी याला पाहिलंच होतं. आधाराशिवाय बसतो का, आवाजाकडे वळतो का, खुळखुळा या हातातून त्या हातात घेतो का, दोन्ही बाजूंचे हातपाय सारखे चालवतो का. बसतच नसता, हाकेला वळत नसता किंवा आलेलं काही विसरत चालला असता, तर त्यांनी तपासण्या सांगितल्या असत्या. त्यांनी सांगितलं, खेळू द्या जमिनीवर. पण डॉक्टरांकडे वांगं नव्हतं.

अक्कांनी मात्र उपाय सांगितला, वॉकर. चाकांचा, प्लास्टिकचा, गाणी वाजवणारा. कॅनडाने २००४ सालीच त्याच्यावर बंदी घातली, कारण मुलं त्यातून जिन्यांवरून खाली गेली, आणि त्याने चालणं लवकर येतं असंही नाही. मी तोंड उघडलं तेवढ्यात नवऱ्याने कुठून तरी शहाणपणा सुचून आईला फोन लावला, स्पीकरवर.

“अगं, हापण असाच जायचा!” सासूबाईंचा आवाज शेतभर झाला. “रांगला कुठे! चड्ड्यांची बुडं झिजवली नुसती. दीड वर्षाचा झाला तेव्हा चालला.”

एका क्षणात हवा बदलली. “बापावर गेला म्हना की!” अक्का खुलल्या. काकांनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. जी गोष्ट पाच मिनिटांपूर्वी माझ्या दुधातली खोट होती, ती आता खानदानी लकब झाली. पहिलं भरीत नवऱ्याच्या पानावर पडलं. मला कुणी म्हणालं नाही की बाई, तुझ्या दुधाबद्दल बोललो ते मागे घेतो. हसण्यावारी नेलं सगळं, आणि मीही हसले, कारण कळण्याच्या पुऱ्या गरम होत्या आणि मला भूक लागली होती. पण खरं सांगायचं तर राग अजून गेलेला नाही. मूल पुढे गेलं की घराण्याचं, मागे राहिलं की आईचं. हा हिशेब कुणी लिहून ठेवलेला नाही, तरी प्रत्येकीच्या तोंडपाठ असतो.

रात्री घरी पोचेस्तोवर व्हिडिओ सासरच्या ग्रुपवर आला होता. ‘बापासारखाच!’, ‘वाघ आहे वाघ’, हसऱ्या चेहऱ्यांची रांग. खाली धुळ्याच्या काकूंचा प्रश्न: “कोपऱ्यात कुणाचा हात दिसतोय? माय ढकलतेय का त्याला?”

ग्रुप म्यूट करायला गेले. आठ तास, एक आठवडा आणि नेहमीसाठी असे तीन पर्याय आले. ‘नेहमीसाठी’वर बोट ठेवलं, तेवढ्यात सासूबाई टाइप करताहेत असं दिसलं. आठ तासांवर मिटवलं.