सिस्टर, जरा हसा की!

आयसीयूत नर्स व्हायचंय? वा, अभिनंदन! जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग उरकून, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक घेऊन ज्या मुली (आणि मुलगे, ब्रदर लोकांनी रुसू नये) ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या काचेच्या हॉस्पिटलांचे उंबरठे झिजवतायत, त्यांच्यासाठी हे चार शब्द. क्रिटिकल केअरमध्ये माझे केस पांढरे झाले, तेव्हा सल्ला द्यायचा थोडाफार अधिकार आहे. शिवाय गेल्याच आठवड्यात मी स्वतः नव्याने प्रशिक्षित होऊन आले आहे. विषय होता स्माइल.

तर सगळ्यात आधी हसायला शिका. व्हेंटिलेटर, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी), इनोट्रोप (हृदयाला जोर देणारी औषधं) या किरकोळ गोष्टी सावकाश जमतात. त्याचं काय झालं, आमच्याकडच्या एका आजोबांच्या पुतण्याने गुगलवर एक तारा ठोकला. 'स्टाफ रूड. पेशंटने पाणी मागितलं तर दिलं नाही. फेसवर स्माइल नाही.' आजोबांची श्वासनळीतली नळी त्याच संध्याकाळी काढलेली. आवाज घोगरा, खोकल्याला जोर नाही, गिळता येतंय की नाही ते अजून तपासायचं होतं. अशा माणसाला मायेने घोटभर पाणी पाजलं तर ते पोटात जायच्या ऐवजी फुफ्फुसात उतरू शकतं आणि नळी परत घालायची वेळ येते. मी रात्रभर ओल्या गॉजने त्यांचे ओठ आणि जीभ पुसत होते. त्याला अर्धा ताराही मिळाला नाही.

मॅनेजमेंटने मात्र तत्काळ दखल घेतली. नाईट संपवून, सकाळी आठची ओव्हर देऊन, चपला बदलत असलेल्या आम्हा सगळ्यांना कॉन्फरन्स हॉलमध्ये बसवलं. ट्रेनर ब्लेझरमध्ये. याआधी त्यांनी हॉटेलवाल्यांना आणि गाड्यांच्या शोरूमवाल्यांना घडवलं होतं म्हणे. 'कस्टमरच्या नजरेला नजर द्या, वरची दातांची रांग दिसली पाहिजे.' मी विचारलं, 'सर, आम्हाला मास्क असतो. आतल्या आत हसू का?' तर म्हणाले, 'डोळ्यांनी हसा, सिस्टर!' बारा तासांच्या नाईटनंतरचे डोळे. बघा, जमलं तर.

दुसरं, गणित विसरा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक नर्स, बाकीच्या आयसीयू पेशंटना दोघांत एक, हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. परीक्षेत लिहिलं असेल, मार्कही मिळाले असतील. ते तिथेच ठेवा. ड्यूटी लिस्टवर नाव असलेली एक मुलगी आजारी, दुसरीला कॅज्युअल्टीत ओढून नेलेलं, तिसरी नोकरी सोडून गेली तिच्या जागी 'भरती चालू आहे', आणि तुमच्या वाट्याला येतात तीन बेड. त्यातले दोन व्हेंटिलेटर. तिसरे काका रात्री साडेबाराला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, उपटून 'मला मुलुंडला जायचंय' म्हणत उठून बसणारे.

गणित बरोबर यायचा एक दिवस असतो, इन्स्पेक्शनचा. त्या दिवशी वॉर्डातून, ओपीडीतून, जिथून सापडतील तिथून पोरी आणून प्रत्येक बेडशेजारी एकेक उभी करतात. युनिफॉर्मला इस्त्री, खिशाला नवी बॅज. पाहुणे विचारतात, 'हे कायम असंच असतं?' आणि आम्ही, आता शिकलोय ना, डोळ्यांनी हसतो. पाहुणे लिफ्टमध्ये शिरले रे शिरले की पोरी परत वॉर्डात.

एरवीच्या रात्री काय होतं तेही ऐका. एका बेडला नॉरॅड चालू आहे, म्हणजे पेशंटचं बीपी त्या सिरिंजमधल्या औषधावर उभं आहे. सिरिंज संपत आली, पंप ओरडायला लागला. नुसती जुनी काढून नवी लावून चालत नाही. मध्ये खंड पडला तर मिनिट-दोन मिनिटांत बीपी कोसळतं. नवी भरायची, लेबल लावायचं, दुसऱ्या पंपावर चढवायची, ती चालू झाली, बीपीने धरलं हे मॉनिटरवर बघायचं, मग जुनी हळूहळू बंद. तेवढा वेळ मान वळवायची नाही. नेमकं तेव्हा शेजारच्या व्हेंटिलेटरचा हाय प्रेशरचा अलार्म, म्हणजे बहुधा नळीत कफ अडकलाय, सक्शन (तो ओढून काढणं) आत्ता हवं. काका पाय खाली सोडतायत. मावशी बेडपॅन घेऊन बाहेर गेलेल्या. आरएमओ, म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर, खाली कोड ब्लूला, कुणाचं तरी हृदय बंद पडलंय. आणि काचेवर टकटक. 'ओ सिस्टर, एसी जरा कमी करा ना. आणि बाबांच्या मोबाईलचा चार्जर कुठे ठेवलाय?' मला सांगा ना ब्लेझरवाले साहेब, यातल्या नेमक्या कोणत्या क्षणी वरची दातांची रांग दाखवायची? अलार्म वाजतोय, मला हात दोनच आहेत आणि तुम्ही मला नजरेला नजर द्यायला शिकवता? माझी नजर मॉनिटरवर असते म्हणून तो पेशंट सकाळ बघतो!

असो. चिडू नये. चिडलं की स्कोअर कमी होतो.

पेशंटची लघवी दर तासाला मोजून लिहा. स्वतःची ड्यूटी सुटल्यावर.

डबा पहाटे तीनला, उभ्याने खावा. पोटाला सवय होते.

पेशंटची कूस दर दोन तासांनी बदला, म्हणजे बेडसोर होत नाही. तुमच्या कंबरेचं काय ते तुमचं तुम्ही बघा.

१२ मे रोजी परिचारिका दिन असतो. गुलाब, केक आणि हॉस्पिटलच्या लोगोचा मग मिळतो. माझ्याकडे मगांचा सेट पूर्ण झालाय.

घरी वेळेवर जायची हौस ठेवू नका. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची नर्स, आल्याशिवाय बेड सोडता येत नाही, हा नियम योग्यच आहे, आणि रिलिव्हर पावसात माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून पुढे हलत नसते. मेट्रोचं काम एकदा पूर्ण झालं की सगळं सुरळीत होणार आहे म्हणतात. तोवर तिचा बायोमेट्रिकवर लेट मार्क लागतो. तुम्ही जास्त थांबलात ते मशीनला दिसत नाही. मी ऐरोलीला राहते, त्यामुळे ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल पकडली की बसायला मिळालं तर झोपते, आणि डोळे उघडतात पुढच्या स्टेशनला, रबाळ्याला.

पगाराचा विषय काढणं असंस्कृतपणाचं आहे. तरी सांगते. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितल्यावर केंद्र सरकारने खाजगी हॉस्पिटलांतल्या नर्सेससाठी समिती नेमली होती. समितीने म्हटलं, २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारी नर्सइतका पगार द्या. ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी २०,००० च्या खाली जाऊ नका. सरकारी मोहोर उमटलेला कागद आहे. तो घेऊन एचआरकडे गेलात की एक चमत्कार बघायला मिळतो. बाहेर बोर्डावर, बसच्या मागे, रिक्षाच्या पाठीवर जे हॉस्पिटल एवढं अवाढव्य असतं, ते एचआरच्या टेबलावर एकदम छोटंसं नर्सिंग होम होतं.

परदेशी जायचं म्हणता? जा. ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्यांची इंग्रजीची परीक्षा) द्या, जर्मन शिका. इथे अनुभवाचं सर्टिफिकेट मागायला गेलात की हॉस्पिटलने ठेवून घेतलेली तुमची मूळ कागदपत्रं कुठल्या कपाटात आहेत ते शोधायलाच दोन महिने लागतात.

शिकायचंय? इंडियन नर्सिंग कौन्सिलने नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर असा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स काढलाय. करा, खरंच चांगला आहे. परत आल्यावर त्याच तीन बेडना जास्त समजून-उमजून पळाल.

आणि सुरक्षिततेची काळजी नको. मारहाण, तोडफोड याविरुद्ध आपल्या राज्यात २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. आमच्या वेटिंग एरियात त्याचा बोर्ड आहे, निळ्या अक्षरात, फ्रेम करून. मागे एका गृहस्थांनी त्याच बोर्डाला एक हात टेकवून दुसऱ्या हाताचं बोट माझ्या नाकासमोर नाचवलं होतं. 'तू बाहेर भेट, बघतोच तुला.' सिक्युरिटीचे मामा मध्ये पडले आणि त्यांचाच चष्मा फुटला. पोलिसात गेलात का, असं विचारू नका. हॉस्पिटलचं नाव खराब होतं.

आता पुरे झालं. सरळ बोलते.

पोरींनो, पोटॅशियम चढवताना दोघींनी मिळून तपासायचं असतं. दुसरी समोर नसेल तर तिची सही मारू नका, कितीही घाई असू दे. तीन बेड दिले तर रिपोर्ट बुकात लिहा की आज माझ्याकडे तीन पेशंट, दोन व्हेंटिलेटर, इनचार्जला अमुक वाजता कळवलं. तारीख, वेळ, सही. तोंडी 'मॅडमला सांगितलं होतं' याला उद्या कोणी विचारत नाही. काही बिनसलं की डॉक्टरांचं नाव बोर्डावर राहतं, हॉस्पिटलचं नाव कमानीवर राहतं, आणि चौकशीला नर्स उभी राहते.

मॅनेजमेंटवाले साहेब, बिलावर 'नर्सिंग चार्जेस' म्हणून दर दिवसाला, दर बेडला एक रक्कम लावता ना? माझ्या तीन बेडची महिन्याची बेरीज मी एकदा केली आणि शेजारी माझी पगाराची स्लिप ठेवली. तुम्हीही ठेवून बघा. ट्रेनरला दिलेल्या पैशात एक नर्स काही महिने तरी ठेवता आली असती. पेशंटला हसरी सिस्टर नको असते, अलार्म वाजल्यावर येणारी हवी असते. ती तुम्ही विकता आणि ठेवत मात्र नाही.

आणि तुम्ही, हो, काचेबाहेरचे, तुम्ही! ॲडमिशनच्या वेळी सगळं विचारता. डीलक्स आहे का, कॅशलेस होईल का, टीव्हीवर मराठी चॅनल लागतात का, कॅन्टीनमध्ये साबुदाणा खिचडी मिळते का. आयसीयूच्या दारात मात्र एवढंच विचारत नाही की आज रात्री माझ्या आईच्या सिस्टरकडे आणखी किती पेशंट आहेत. विचारा ना! काउंटरवर विचारा, मोठ्या डॉक्टरांना विचारा, लेखी मागा. उत्तर टाळलं तर फोन काढा आणि त्यावर लिहा एक तारा.