डोझर तापतोय म्हणून पंखा उलटा करू नका

सांगली जिल्ह्यात विटा-आटपाडीपासून जतपर्यंत मशीनवाल्यांच्या मोबाइलवर सध्या एकच व्हिडिओ फिरतोय: जुना डोझर तापत असेल तर पाच देशी उपाय, खर्च शून्य. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून फेका. पंखा उलटा बसवा. कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन) ही कंपन्यांची लूट आहे, बोअरचं पाणी भरा. रेडिएटर गळत असेल तर हळद टाका. आणि काटा लाल पट्टीत गेला की झाकण उघडून लगेच गार पाणी ओता.

कुणी काय बघावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण परवा आटपाडीकडे शेततळ्याच्या कामावर असलेल्या भाच्याचा फोन आला, "मामा, पंख्याचे बोल्ट खोललेत, आता पाती कुठल्या तोंडानं लावू?" तेव्हा डोकंच फिरलं.

आधी पंख्याचंच घेऊ, कारण यापेक्षा अचाट सल्ला मी ऐकलेला नाही. व्हिडिओवाले म्हणतात, कारचा पंखा हवा आत ओढतो आणि डोझरचा बाहेर फेकतो, म्हणजे आधीच्या मिस्त्रीनं तो चुकून उलटा लावलाय. अरे बाबांनो, कित्येक जुन्या चेनच्या डोझरना पंखा मुळातच हवा बाहेर फेकणारा असतो. डोझर माणसाच्या चालीनं चालतो, त्यामुळे समोरून वाऱ्याचा झोत मिळत नाही. समोर ब्लेड, ब्लेडपुढे मातीचा लोट. तिथून हवा ओढायची म्हणजे सगळी धूळ रेडिएटरच्या जाळीत घ्यायची. तुमचा पंखा कुठल्या जातीचा आहे हे बघायला मिस्त्री लागत नाही. इंजिन आयडलवर ठेवून पुढच्या ग्रिलसमोर कागद धरा. चिकटला तर ओढणारा, उडाला तर फेकणारा.

दुसरी गंमत म्हणजे पंखा हबवर उलटा केल्यानं हवेची दिशा बदलतच नाही. नट कुठल्याही बाजूनं घातला तरी आटे त्याच दिशेनं बसतात, पात्यांच्या पिळाचंही तेच. बदलतं एवढंच की पात्याचा बाक नको त्या तोंडाला येतो आणि हवा कमी पडते. म्हणजे तापणारं मशीन आणखी तापणार. दिशा खरंच बदलायची असेल तर उलट पिळाचा वेगळा पंखाच लागतो.

फेकणाऱ्या पंख्याला एक खोड मात्र आहे, आणि खरा आजार बऱ्याचदा तिथेच असतो. जुन्या इंजिनाच्या टॅपेट कव्हरमधून, पाइपांच्या सांध्यांतून ऑइल झिरपतं. पंखा ते उडवून जाळीवर मारतो, त्यावर धूळ बसते. कचरा साठतो तो इंजिनाच्या बाजूनं. पुढून बघणाऱ्याला जाळी स्वच्छ दिसते. भाच्याला म्हटलं, बोल्ट आहेत तसे लाव आणि पंख्याच्या मागून बॅटरी मारून बघ. त्यानं फोटो पाठवला. जाळीच्या पंख्याकडच्या बाजूला काळ्या तेलकट मातीचा गोधडीसारखा थर, स्क्रूड्रायव्हरनं उचकटला तर अख्खा पापुद्रा निघाला. असली जाळी हवेच्या उलट दिशेनं धुवायची, म्हणजे या मशीनला पुढून आत. आधी डिटर्जंट किंवा डिग्रीझर लावून भिजू द्यायची, मग बेताच्या दाबानं पाणी मारायचं. वॉशिंग सेंटरवाल्याच्या पूर्ण प्रेशरनं फिन, म्हणजे जाळीच्या पातळ पट्ट्या, आडव्या होतात आणि उरलीसुरली हवाही बंद पडते. आणि ऑइलची गळती थांबवल्याशिवाय धुण्याला अर्थ नाही, महिन्याभरात परत तेच.

आता गार पाणी. हा सल्ला देणाऱ्याला खरं तर कुणीतरी जाब विचारायला हवा. दाबाची कॅप असते ती पाणी उकळू नये म्हणून. दर चौरस इंचाला एक पौंड दाबामागे उकळबिंदू साधारण दीड अंशानं वर जातो, म्हणजे ७ पौंडांच्या कॅपखाली पाणी ११० अंशांपर्यंत न उकळता राहू शकतं. झाकण फिरवलं की दाब गेला, आणि जत-आटपाडीच्या उंचीवर उघडं पाणी १०० च्या जरा खालीच उकळतं. त्या क्षणी आतलं पाणी वाफ होऊन थेट तोंडावर, छातीवर, हातावर येतं. यातून वाचलात आणि वर गार पाणी ओतलंत, तर तापलेलं बिडाचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) तडकतं, बहुतेक वेळा दोन व्हॉल्व्हच्या सीटांमधे. बेल्ट तुटला असेल किंवा पाणी सांडून गेलं असेल तर इंजिन लगेच बंद करा. तसं काही नसेल तर लोड काढा, ब्लेड खाली टेकवा, पाचेक मिनिटं आयडलवर चालू द्या, मग बंद करा. झाकणाला हात लावायचा तो रेडिएटरवर उघडा तळवा ठेवता येईल तेव्हाच.

बोअरचं पाणी. इथे मी माझं मत सांगत नाही, डोझर बनवणाऱ्या कॅटरपिलर कंपनीनं इंजिनात भरायच्या पाण्याला घातलेली मर्यादा सांगतो: एकूण कठीणपणा लिटरला १७० मिलिग्रॅमपर्यंत, क्लोराइड ४०, एकूण विरघळलेले क्षार ३४०. आता पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, बघा. तिथे कठीणपणा २०० पर्यंत योग्य आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. क्लोराइड २५० आणि १०००. म्हणजे माणसाला पाजायला पास झालेलं पाणीसुद्धा इंजिनाला नापास ठरू शकतं, आणि आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या बोअरचं पाणी कसं असतं ते गिझरची कॉइल काढून बघा. तोच पांढरा थर लायनरभोवती, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याभोवती, बसला की उष्णता पाण्यात जातच नाही. काटा कधीकधी नॉर्मल दाखवतो आणि आत पिस्टन भाजतो. शिवाय वेट लायनरच्या, म्हणजे लायनरला थेट पाणी लागतं अशा इंजिनात कूलंटमधलं रसायन लायनरला बाहेरून भोकं पडण्यापासून वाचवतं. कूलंट महाग आहे, मान्य. लायनर किट काय फुकट मिळतं?

थर्मोस्टॅटबाबत अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. तो बंद अवस्थेत अडकला असेल आणि मशीन माळावर असेल, तर तो काढून मशीन घरापर्यंत आणता येतं. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की काही पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात गोल फिरतं, आणि भर लोडवर मशीन उलट जास्त तापतं. हलक्या कामावर इंजिन गारच राहतं, न जळालेलं डिझेल सिलिंडरवरचं ऑइल धुऊन टाकतं. फेकायच्या आधी पातेल्यात दोऱ्यानं टांगून पाणी तापवा. उघडायचा आकडा बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो. त्या आसपास उघडला तर बिचाऱ्याचा दोष नाही.

हळदीनं बारीक गळती थांबते, खोटं कशाला बोलू. पण ती रेडिएटरच्या बारीक नळ्याही त्याच न्यायानं बंद करते, आणि मग रॉडिंगचा, म्हणजे नळ्यांत सळई घालून त्या साफ करायचा, खर्च येतो.

व्हिडिओत जे नाही ते सांगतो. जाळी, बेल्ट, पाण्याची पातळी, आत चपटा होणारा खालचा होस हे सगळं बघूनही मशीन तापत असेल, तर थंड इंजिनावर फॅन बेल्ट काढा, रेडिएटर काठोकाठ भरा आणि झाकण उघडं ठेवून थोडा वेळच चालवा. आधीची हवा निघून गेल्यावरही सलग बुडबुडे येत राहिले तर पाण्यात गॅस येतोय. हेड गॅस्केट गेलंय किंवा हेड तडकलंय. मग हेड उतरवावंच लागेल, आणि उतरवलंच आहे तर लायनर ब्लॉकच्या वर किती आहे तेही डायल गेजनं मोजून घ्या, नाहीतर नवं गॅस्केटही टिकणार नाही.