२१ पत्त्यांत मन कुठे वाचलं?

एक मजकूर अधूनमधून फॅमिली ग्रुपवर येऊन पडतो, सोबत एखादा व्हिडिओ. जादूगार २१ पत्ते घेतो, समोरच्याला मनात एक पत्ता धरायला सांगतो, सात-सात पत्त्यांच्या तीन उभ्या ओळी मांडतो आणि फक्त 'तुमचा पत्ता कुठल्या ओळीत?' एवढंच विचारतो. असं तीनदा. मग मोजून अकरावा पत्ता उघडतो, आणि तो नेमका तोच! खाली लिहिलेलं असतं की हे मन वाचणं आहे, २१ हा पवित्र आकडा असल्यामुळेच जमतं, ही आपली प्राचीन विद्या आहे आणि पत्ते सगळ्यांदेखत पिसलेले असल्याने यात बनवाबनवीला जागाच नाही.

आता पहिला दावा, मन वाचण्याचा. मन वाचता येत असेल तर तीन-तीनदा ओळ कशाला विचारायची? पुढच्या वेळी 'ओळ सांगणार नाही, तुम्हीच ओळखा' म्हणून बघा, खेळ तिथेच अडेल. प्रत्येक उत्तराला तीन शक्यता, तीन उत्तरं, म्हणजे ३ × ३ × ३ = २७ पत्त्यांतून एक निवडता येईल एवढी माहिती तुम्ही स्वतःच्या तोंडाने देता. पत्ते तर २१च आहेत.

ती माहिती वापरली कशी जाते, तेही बघू. जादूगार पत्ते गोळा करताना तुम्ही सांगितलेली ओळ दर वेळी बाकीच्या दोन ओळींच्या मधे ठेवतो. सगळी करामत एवढीच, पण बघणाऱ्याचं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे असतं, हाताकडे नाही. समजा तुम्ही बदामची राणी धरली. पहिल्या उत्तरानंतर तिच्या ओळीवर सात पत्ते येतात, म्हणजे राणी आठव्यापासून चौदाव्या जागेपर्यंत कुठेतरी असते. आता पत्ते पुन्हा वाटायचे, डावीकडून उजवीकडे, एकेका ओळीत एकेक. आठवा आणि नववा पत्ता आपापल्या ओळीत तिसरे पडतात. दहावा, अकरावा, बारावा चौथे. तेरावा आणि चौदावा पाचवे. तुम्ही ओळ सांगता, ती पुन्हा मधे जाते, वर पुन्हा सात पत्ते. आता राणी दहावी, अकरावी किंवा बारावी, चौथी शक्यताच नाही. तिसऱ्यांदा वाटताना हे तिन्ही पत्ते शेजारी-शेजारी पडतात, तीन ओळींत प्रत्येकी चौथे. तुम्ही 'डावीकडची' म्हणालात की त्या ओळीतला चौथा पत्ता तुमचा, काम संपलं. पुढे गोळा करणं, सात आणि चार मिळून अकरा मोजणं, कपाळाला हात लावून डोळे मिटणं हा सगळा नाटकाचा भाग. (तो चांगला वठवणं सोपं नसतं, त्याची दाद द्यावी.)

२१ च्या पावित्र्याबद्दल मला वाद घालायचा नाही. गणपतीला एकवीस दूर्वा आणि एकवीस मोदक असतातच. पण हाच खेळ १५ पत्त्यांवर करा, पत्ता आठवा निघेल. २७ वर करा, चौदावा निघेल. ३३ घेतले तर मात्र तीन फेऱ्या पुरत नाहीत, चौथी लागते, कारण ३३ हे २७ पेक्षा जास्त आहेत. एवढं साधं आहे ते.

२७ पत्त्यांचा प्रकार तर २१ पेक्षा कितीतरी सरस. जोसेफ दिएझ जेर्गोन या फ्रेंच गणितज्ञाने १८१३-१४ च्या सुमारास त्याचा नीट अभ्यास केला. त्यात पत्ता हव्या त्या जागी आणता येतो. पाहुण्याने 'विसावा' म्हटलं तर एक वजा करायचा, १९. त्याची फोड करायची: नऊ दोनदा, तीन शून्य वेळा, एक एकदा. मग उलट्या क्रमाने, पहिल्यांदा गोळा करताना त्याच्या ओळीवर एक ओळ, दुसऱ्यांदा वर काहीच नाही, तिसऱ्यांदा वर दोन. पत्ता बरोबर विसावा येतो.

प्राचीन विद्येचं म्हणाल, तर चौकट-किलवरचा ५२ पत्त्यांचा कॅट आपल्याकडे युरोपियनांबरोबर आला. त्याआधी गंजिफा होता, गोल पत्त्यांचा. बाबराने १५२७ मध्ये त्याचा उल्लेख केलाय, आणि आपल्या सावंतवाडीचा गंजिफा प्रसिद्धच आहे. मुघल गंजिफ्यात ९६ पत्ते, दशावतारीत १२०. अभिमान बाळगायचा तर त्या चित्रकारीचा बाळगावा.

राहिलं पिसणं. या खेळात हातचलाखी नसते हे अगदी खरं, पण पिसण्याने इथे काही सिद्धही होत नाही, कारण सुरुवातीचा क्रम कुठे वापरलेलाच नाही. उलट, क्रमावर चालणारे काही खेळही एकदा पिसून मोडत नाहीत. १९५८ साली नॉर्मन गिलब्रेथ यांनी मांडलेलं तत्त्व घरी करून बघा. आख्खा कॅट लाल-काळा, लाल-काळा असा लावा. वरून एकेक करत साधारण निम्मे पत्ते टेबलावर मोजून टाका आणि ते दोन गठ्ठे फर्रर्र करून एकदा एकमेकांत मिसळा. आता वरून दोन-दोन काढत जा. प्रत्येक जोडीत एक लाल, एक काळा! मोजून टाकताना एका गठ्ठ्याचा क्रम उलटतो, त्यामुळे दोन्ही गठ्ठ्यांचे वरचे पत्ते भिन्न रंगांचे असतात. एका गठ्ठ्याचा लाल उचलला गेला की दोन्हीकडे वर काळाच उरतो, म्हणून जोडीदार काळाच मिळतो. तो गेला की वरचे रंग पुन्हा भिन्न.

अशा पद्धतीने ५२ पत्ते पुरेसे मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं, हे डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवलं. डायकोनिस गणितात येण्याआधी चौदाव्या वर्षी घर सोडून एका नामांकित जादूगाराबरोबर फिरले होते, त्यामुळे दोन्ही बाजू त्यांना ठाऊक.

व्हिडिओत पत्ते पिसले जातात ते खेळ सुरू होण्याआधी. 'मन वाचणाऱ्या'ला दुसऱ्या उत्तरानंतर एकदा चांगले पिसून पुढे जायला सांगा.