आधी उलटा करून दाखवा!

आमची आत्या घरी ब्लाउज शिवायची. दुसरीकडून शिवून आणलेला ब्लाउज कुणी कौतुकानं दाखवला, की ती आधी तो उलटा करायची. टीप सरळ आहे का, मार्जिन किती सोडलंय, अंगाला बसावा म्हणून दुमडून शिवलेले टक्स कुठे संपलेत, हे बघून मग म्हणायची, "बरा आहे." याच्या वर तिचं कौतुक कधी गेलं नाही.

परवा तिची आठवण झाली ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संग्रहातला फ्रेंच फॅशन डिझायनर इव्ह सँ लोराँचा मोंद्रियान ड्रेस बघताना. मोंद्रियान या डच चित्रकाराच्या चित्रांवरून बेतलेला; 1965 चा, बिनबाह्यांचा, लोकरी जर्सीचा. पांढरे आणि रंगीत चौकोन, मधून काळ्या पट्ट्या. बघणारा पटकन म्हणतो, "यात काय एवढं? चित्र छापलंय कापडावर."

छापलेलं नाहीये हो! एकेक चौकोन, एकेक पट्टी वेगळी कापून जोडलीय. आणि खरी करामत त्या जोडांत आहे. मोंद्रियानच्या त्या चित्रांत गोलाई औषधालाही सापडत नाही. तिरकी रेघसुद्धा त्याला चालत नसे; त्यावरून त्याचं वान डूसबर्ग या चित्रकार मित्राशी बिनसलं होतं. आणि अंग म्हणजे तर सगळी गोलाईच! एरवी छातीपाशी टक्स घालावेच लागतात. इथे ते दिसत नाहीत, कारण अंगाचा सगळा आकार त्या पट्ट्यांच्या शिवणींतच मुरवलाय. समोरून बघाल तर सरळसोट झबलं.

मी हौसेनं असल्याच डिझाइनचा छापील कुर्ता ऑनलाइन मागवला होता. घातला, तर छातीवरची आडवी काळी पट्टी टक्सपाशी तुटून बगलेकडे चांगली बोटभर खाली उतरलेली. (पैसे परत मिळाले नाहीत, तो विषय वेगळा.)

मेट्रोपॉलिटनला हा ड्रेस 1969 मध्येच भेट मिळाला. म्हणजे शिवल्यावर चार वर्षांत म्युझियममध्ये! लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमकडेही या मालिकेतला एकेक आहे. पण अशा ड्रेसचे फोटो बघावेत तर पुतळ्यावर चढवलेले, समोरून काढलेले, चित्रासारखे. अहो, चित्रं भिंतीवर आहेतच की! हा शिवलेला कपडा आहे, तर आतली बाजू दाखवा. नाजूक झालाय, उलटा करता येत नाही, मान्य. मग शिवणींचे मोठे फोटो तरी शेजारी लावा.

आत्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. तिचा लगेच मेसेज आला, "आतून बघितलास का गं?"

दोन दिवस झाले, उत्तर दिलेलं नाही.