कमाई त्यांची, बाटल्या आमच्या

"जळगाव म्हणजे अजिंठ्याचं प्रवेशद्वार" असं कुणी म्हटलं ना भो, की डोकंच सटकतं माझं. कसलं प्रवेशद्वार? फॉरेनर पहाटे स्टेशनला उतरतो, गाडीत बसतो, लेणी बघतो अन् तिकडूनच संभाजीनगरला मुक्कामाला निघून जातो. जळगावात त्याचा खर्च म्हणजे एक चहा, तोही घेतला तर.

मी भाड्याची गाडी चालवतो. स्टेशन ते लेणी साधारण साठ किलोमीटर, वाटेत नेरी, पहूर, वाकोद अन् लेण्यांजवळ फर्दापूर. बुकिंग सगळं दिल्ली-मुंबईच्या एजंटकडून येतं, गिऱ्हाईक थेट माझ्याकडे येतच नाही, कारण सगळं ऑनलाइन अन् त्या लिस्टमध्ये आमच्यासारखे कुठून दिसणार? परवा एका बाईंनी सहज मोबाईलवर पावती दाखवली. डॉलरचे रुपये केले मनातल्या मनात, माझ्या हातात पडतात त्याच्या चौपट! डिझेल माझं, टायर माझे, पहाटे उठायचं मी, अन् एजंटभाऊ एसीत बसून म्हणतो "भैया रेट तो यही है".

वर पहूरला थांबायचं नाही म्हणे. त्याच बाईंना शेवभाजीच्या फोडणीचा वास आला, खिडकी खाली करून विचारून राहिल्या हे काय आहे, मी म्हटलं चला खाऊ घालतो, तर लगेच एजंटचा फोन, जेवण ठरलेल्या हॉटेलातच. ठरलेलं का, तर तिथं त्याचं कमिशन. ढाबेवाला बघतच राहिला बिचारा.

अन् ते दगड! लेण्यांपाशी पोरं जे चमकणारे स्फटिक विकत फिरतात ते आपल्याच भागातल्या काळ्या बेसाल्टच्या खाणींतले, परदेशातल्या दुकानांत "जळगाव, इंडिया" चिठ्ठी लावून भारी किमतीला जातात. इथं तो पोरगा उन्हात तासभर घासाघीस करतो.

लेण्यांचं तिकीट परदेशी माणसाला ६०० रुपये, आपल्याला ४०. घ्या ना, माझं काही म्हणणं नाही, पण तो पैसा केंद्राच्या खात्यात जातो, फर्दापूरच्या ग्रामपंचायतीच्या हाती काय लागतं? व्हेनिसने २०२४ पासून गर्दीच्या दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना ५ युरो लावले, ते शहराच्या तिजोरीत जातात. भूतान तर परदेशी माणसाकडून एका रात्रीचे १०० डॉलर घेतो. ते काय येडे आहेत?

बरं पैसा नाही तर नाही, घाण तरी घेऊन जा. चित्रांना धूर लागू नये म्हणून खासगी गाड्या फर्दापूरलाच अडवतात, तिथून पुढं बस, हे एकदम बरोबर केलं. पण बाटल्यांचं काय? इथलं पाणी पोटाला बाधेल म्हणून हे लोक बाटलीमागून बाटली उघडतात, आपलेही काही कमी नाहीत, कुरकुऱ्याची पाकिटं कोण फेकतं ते मला माहितीये. अन् लेण्यांखालून जी नदी वाहते ना, ती वाघूर. तीच खाली येऊन धरणात जाते अन् त्याच धरणाचं पाणी जळगावच्या नळाला येतं. म्हणजे डोंगरातलं प्लास्टिक पावसाळ्यात वाहत निघालं तर कुणाच्या दिशेनं, सांगा.

विमानाच्या धुराबद्दल तर कुणी बोलतच नाही. २०१९ सालच्या हिशोबात जगभरातल्या हरितगृह वायूंपैकी जवळपास ९ टक्के एकट्या पर्यटनाचे निघाले. मे महिन्यात भुसावळला ४५ च्या पुढं पारा जातो तेव्हा ज्यांनी आयुष्यात विमान आतून बघितलं नाही ते केळीच्या बागा वाचवत बसलेले असतात.

पाहुण्यांवर राग नाही माझा, कोरियन असो जपानी असो, बिचारे हात जोडून शांतपणे लेण्यात बसतात. राग आहे तो मधल्या मध्ये खाणाऱ्यांवर. दिवाळीच्या ट्रिपचं पेमेंट अजून आलं नाहीये, फोन केला की "अकाउंट्सला सांगतो", अन् उद्या पहाटेची गाडी मात्र वेळेवर पाहिजे.