बिझनेस रूल टाइपमध्ये बसत नाहीत? जीएसटीचं बिल घेऊन बघा

एक मत सध्या खूप शेअर होतंय: स्टॅटिक टाइप्स (कुठे कुठल्या प्रकारचा डेटा चालेल हे प्रोग्राम चालण्याआधीच ठरवणारे नियम) फक्त नंबरच्या जागी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, आला की अडवतात, खरे बिझनेस रूल प्रोग्राम चालतानाच तपासावे लागतात, ते सारखे बदलतात, डेटा तर बाहेरूनच येतो, म्हणून एफ शार्प-हास्केलसारख्या भाषांमध्ये टाइप्स रचत बसू नका, टेस्ट (कोड नमुन्याच्या उदाहरणांवर चालवून बघणारा कोड) लिहा. मला हे अजिबात पटत नाही. हवेत बोलण्यापेक्षा जीएसटीचं बिल घेऊ, तिथले नियम कायद्यात लिहिलेले आहेत आणि चुकलं की गिऱ्हाइकाचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अडकू शकतं.

पहिला मुद्दा, टाइप्स फक्त टायपो पकडतात. बिलाच्या रेकॉर्डमध्ये सीजीएसटी (केंद्राचा), एसजीएसटी (राज्याचा), यूटीजीएसटी (केंद्रशासित प्रदेशाचा), आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा) अशी चार ऑप्शनल, म्हणजे रिकामी राहू शकणारी, फील्ड ठेवली, आणि खूप जण तशीच ठेवतात, तर भरलेलं-रिकामं मिळून १६ शक्यता होतात. कर लावलेल्या बिलाला त्यातल्या तीनच चालतात: राज्यातल्या राज्यात सीजीएसटी अधिक एसजीएसटी, सिल्वासासारख्या ठिकाणी तिथल्या तिथे विक्री असेल तर सीजीएसटी अधिक यूटीजीएसटी, आणि आंतरराज्य असेल तर नुसता आयजीएसटी. उरलेल्या १३ अडवायला मग जागोजागी इफ लिहायचे. त्यापेक्षा तीन केसचा एक यूनियन टाइप (दिलेल्या केसपैकी एका वेळी एकच असू शकणारा टाइप) करा, प्रत्येक केसमध्ये तिला लागतं तेवढंच ठेवा, की सीजीएसटी आणि आयजीएसटी एकाच बिलावर लिहायला जागाच उरत नाही. सीजीएसटी-एसजीएसटीचे दर सारखेच असतात ना, मग एकूण दर एकदाच ठेवा आणि निम्मे फंक्शनला करू द्या, म्हणजे एकीकडे ९ आणि दुसरीकडे ६ असं कधी होणारच नाही. यात टायपोचा काय संबंध? हे सरळ करकायद्याचे नियम आहेत.

नियम बदलतात म्हणून टाइप्स आड येतात, हे तर मला उलटंच वाटतं. पुण्यातला विक्रेता हिंजवडीतल्या सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) युनिटला माल देतो, दोघांचे जीएसटी नंबर २७ ने सुरू होतात, तरी कायद्याने ती विक्री आंतरराज्य धरली जाते आणि आयजीएसटी लागतो. आणि विक्रेत्याने एलयूटी (सरकारला द्यायचं हमीपत्र) दिलेलं असेल तर कर न भरताच माल जातो. नंबराचे पहिले दोन आकडे जुळवणारा कोड इथे गपचूप चुकतो. गिऱ्हाइकाच्या टाइपमध्ये सेझ आणि करात एलयूटी अशी केस वाढवली की बिल छपाई, क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद), जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), जिथे जिथे ती हाताळायची राहिली ती प्रत्येक ओळ कंपायलर, म्हणजे कोड चालण्याआधी तपासणारा प्रोग्राम, दाखवतो (एफ शार्पमध्ये ही नुसती वॉर्निंग असते, तिला एरर करून टाका, आणि उरलेल्या सगळ्या केस गिळणारी अंडरस्कोरची ओळ लिहू नका). मोठ्या कोडमध्ये बदल करताना मला याच्याइतका आधार दुसऱ्या कशाचाच वाटत नाही.

हां, एक खरं आहे, जे वारंवार बदलतं ते टाइपमध्ये कोंबू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांतल्या बऱ्याच वस्तू ५ वर आणि २८ मधल्या १८ वर गेल्या. दरांच्या केस करून ठेवल्या असतील तर त्रास होणारच, पण तो दोष मॉडेल करणाऱ्याचा. दर तारखेसकट टेबलमध्ये, आणि कराची रचना टाइपमध्ये. आधीच्या बिलाची क्रेडिट नोट नंतर काढली तरी जुन्याच दराने निघते, म्हणून बिलाची तारीख न देता दर मिळेल असं फंक्शनच ठेवू नका.

बाहेरून स्ट्रिंगच येते, हे मान्य. म्हणून तर दारातच एक फंक्शन लागतं: १५ अक्षरं, पहिले दोन राज्याचा कोड, पुढचे दहा पॅन, शेवटचा चेक डिजिट (आधीच्या अक्षरांवरून काढलेली तपासणीची खूण), सगळं जुळलं तर जीएसटी नंबर हा टाइप, नाहीतर एरर. तो टाइप बनवायचा दुसरा रस्ता मॉड्यूलबाहेर उघडा ठेवायचा नाही, मग आत कुणालाच पुन्हा तपासावं लागत नाही. ते रजिस्ट्रेशन आज रद्द झालंय का हे मात्र टाइप सांगू शकत नाही, ते पोर्टललाच विचारायचं आणि तपासल्याची तारीख सोबत ठेवायची.

आणि टेस्ट. त्या मीही लिहितो, पण टेस्ट आपल्याला सुचलेली उदाहरणंच तपासते आणि ज्याला कोड लिहिताना सेझ आठवला नाही त्याला टेस्ट लिहिताना तरी कुठून आठवणार? टेस्ट जिथे आकडेमोड आहे तिथे लावा, उदाहरणार्थ कराची रक्कम जवळच्या रुपयात आणताना ५० पैसे वर जातात आणि ४९ खाली, हे कुठलाही साधा टाइप बघत नाही.